फॅसिझमविरोधी आणि वंशवादविरोधी बिल्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोर्चात, कॉलेजात, बॅगेच्या पट्ट्यावर दिसणाऱ्या छोट्या बिल्ल्यांबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी खुणांचा इतिहास, मग बनवण्याची माहिती. बिल्ला लावला की समोरचा माणूस "हे काय आहे?" असं विचारणारच. तेव्हा दोन वाक्यांत बरोबर उत्तर देता आलं पाहिजे, हे डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

पिन लावायचा गोल बिल्ला मुळात आला कुठून?

अमेरिकेतून. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरातल्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. छापलेला कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, खाली पत्रा आणि मागे पिन अशी त्याची रचना होती. त्याच वर्षीच्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत असे बिल्ले ढिगाने वाटले गेले. सेल्युलॉइड गेलं आणि पॉलिएस्टर फिल्म आली, बाकी रचना आजही तीच आहे. चळवळींना तो सोयीचा पडला कारण त्याला कारखाना लागत नाही. हाताने दाबायचं एक यंत्र आणि एक टेबल असलं की छोटा गटही आपला बिल्ला काढू शकतो.

तीन बाणांचा बिल्ला सगळीकडे दिसतो. त्याचा अर्थ काय?

ही खूण जर्मनीतली, १९३१-३२ च्या सुमाराची. सोशल डेमोक्रॅट पक्ष, कामगार संघटना आणि प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी उभी राहिलेली राइख्सबानर ही संघटना यांनी डिसेंबर १९३१ मध्ये नाझींविरुद्ध 'आयझर्न फ्रंट' म्हणजे पोलादी आघाडी उभारली. तिच्या प्रचाराची जबाबदारी ज्यांच्याकडे आली त्यांतले एक म्हणजे सर्गेई चाखोतिन. चाखोतिन हे रशियन शास्त्रज्ञ होते, आणि सवयी कशा जडतात यावर प्रयोग करणाऱ्या पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत शिकलेले होते. लोकांच्या मनावर चिन्हांचा परिणाम कसा होतो, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता.

त्यांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी: हायडेलबर्गमध्ये भिंतीवरच्या हाकेनक्रॉइत्सवर, म्हणजे नाझींच्या तिरक्या स्वस्तिकासारख्या चिन्हावर, कुणीतरी खडूने आडवा फटकारा मारलेला त्यांना दिसला. त्या एका रेषेचे त्यांनी तीन बाण केले. बाण उजवीकडून वरून डावीकडे खाली येतात, कारण ते त्या चिन्हावर मारायचे होते. तीन ओळी ओढायला काही सेकंद पुरतात. नाझी चिन्ह रंगवायला वेळ लागतो, पण खोडायला लागत नाही, आणि खोडलेलं चिन्ह पुन्हा वापरायचं तर भिंतच धुवावी लागते. चिन्हाची ताकद या हिशेबात आहे.

तीन बाण म्हणजे कोणत्या तीन गोष्टी? एकच उत्तर नाही. एकजूट, कृती आणि शिस्त असं सांगितलं जाई. पक्ष, कामगार संघटना आणि राइख्सबानर असंही सांगितलं जाई. १९३२ च्या निवडणुकीच्या एका भित्तिचित्रात तर ते तीन बाण राजेशाहीवादी, नाझी आणि कम्युनिस्ट अशा तिघांवर रोखलेले आहेत. कुणी विचारलं तर हा शेवटचा अर्थ लपवू नका. तो खरा आहे.

एक सावधगिरी: बाण वरच्या दिशेला आणि नारिंगी रंगात काढले तर ती पोर्तुगालच्या पीएसडी या पक्षाची खूण होते, आणि तो पक्ष आज मध्य-उजवा मानला जातो. छापखान्यात चित्र उलटं लागण्याचा प्रकार अनेकदा होतो. प्रूफवर बाणांची टोकं डावीकडे खाली आहेत ना, ते तपासा.

वर्तुळातले दोन झेंडे?

'अँटीफाशिस्टिशे आक्त्सिओन' ही मोहीम जर्मन कम्युनिस्ट पक्षाने १९३२ मध्ये काढली. माक्स कायलसन आणि माक्स गेबहार्ड यांनी तिची खूण केली, तेव्हा दोन्ही झेंडे लाल होते. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या स्वायत्त डाव्या गटांनी ती पुन्हा हाती घेतली आणि एक झेंडा अराजकतावादाचा काळा केला. आज दिसतो तो लाल-काळा बिल्ला त्या दुसऱ्या पिढीचा आहे. '१९३२ ची मूळ खूण' म्हणून लाल-काळा बिल्ला कुणी विकत असेल तर ते चूक आहे.

तीन बाण आणि दोन झेंडे आज एकाच जॅकेटवर सुखाने नांदतात. १९३२ मध्ये ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. कम्युनिस्ट पक्ष तेव्हा सोशल डेमोक्रॅटांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणत असे, आणि ही फूट नाझींच्या पथ्यावर पडली. दोन्ही एकत्र लावायला हरकत काहीच नाही, पण हा इतिहास माहीत असू द्या.

कागदाची टाचणी, म्हणजे पेपरक्लिप, हे प्रतिकाराचं चिन्ह होतं हे खरं का?

खरं आहे. १९४० च्या शरद ऋतूत, जर्मन ताब्यातल्या नॉर्वेत, ओस्लो विद्यापीठाचे विद्यार्थी कोटाच्या कॉलरला पेपरक्लिप लावू लागले. राजा सातवा हाकोन याच्या मुद्रेचे बिल्ले आधीपासून चालत होते, त्यावर नजर होती. क्लिप मात्र कुणाच्याही खिशात सापडते. 'आपण एकमेकांना धरून आहोत' एवढंच ती सांगते. अखेर तिच्यावरही बंदी आली. पेपरक्लिपचा शोध नॉर्वेजियन माणसाने लावला म्हणून ती निवडली, ही गोष्ट मागाहून चिकटलेली आहे. योहान व्हालर यांनी पेटंट घेतलेली क्लिप वेगळ्या आकाराची होती आणि ती बाजारात आलीच नाही.

याच्याच जोडीला डेन्मार्कच्या राजाने ज्यूंसाठी पिवळा तारा लावला ही कथा सांगतात. ती दंतकथा आहे. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर तारा लावण्याची सक्ती कधी झालीच नाही. डॅनिश लोकांनी १९४३ मध्ये बहुतेक ज्यूंना समुद्रमार्गे स्वीडनला पोहोचवलं, ते काम खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे.

लाल त्रिकोण लावावा का? आणि पिवळा तारा?

हे दोन्ही बिल्ले लोकांनी स्वतः लावलेले नव्हते, त्यांच्यावर लादलेले होते. नाझी छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर टोक खाली असलेला त्रिकोण शिवलेला असे: राजकीय कैद्यांना लाल, समलिंगी पुरुषांना गुलाबी, यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा, गुन्हेगार ठरवलेल्यांना हिरवा, 'असामाजिक' ठरवलेल्यांना काळा. जर्मनीत १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या ज्यूंना पिवळा तारा सक्तीचा झाला.

युद्धानंतर वाचलेल्या राजकीय कैद्यांनी लाल त्रिकोण स्वतःचा मानून सन्मानाने मिरवला. बेल्जियममध्ये आजही अति-उजव्या राजकारणाविरुद्ध छोटा लाल त्रिकोण कोटावर लावतात. तिथे त्याला परंपरा आहे. पण गेल्या काही वर्षांत हाच उलटा लाल त्रिकोण हमासच्या चित्रफितींत लक्ष्य दाखवण्यासाठी वापरला गेला आहे. त्यामुळे नुसता त्रिकोण, शब्दांशिवाय, आज दोन अगदी वेगळ्या अर्थांनी वाचला जातो. लावायचाच असेल तर सोबत शब्द हवेत.

पिवळा तारा मात्र लावू नका. करोनाच्या काळात युरोपात काही जणांनी निर्बंधांचा निषेध म्हणून तो छातीवर लावला आणि वाचलेल्या माणसांना, त्यांच्या घरच्यांना ते किती लागलं हे जगाने पाहिलं. मृतांची खूण आपल्या तक्रारीसाठी उसनी घेण्याचा हक्क कुणाला नाही.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात बिल्ल्यांची एवढी लाट का आली?

तीन गोष्टी एकत्र आल्या. नॅशनल फ्रंट हा वंशवादी पक्ष रस्त्यावर उतरत होता. पंक संगीतामुळे कोटावर बिल्ले लावणं ही तरुणांची रोजची सवय झाली होती. आणि हाती चालणारी यंत्रं स्वस्त झाली होती.

ऑगस्ट १९७६ मध्ये गायक एरिक क्लॅप्टन यांनी बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात स्थलांतरितांविरुद्ध जहरी भाषण केलं. त्याच्या निषेधाचं एक पत्र संगीताच्या साप्ताहिकांना गेलं आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभी राहिली. वर्तुळातला पाच टोकांचा तारा ही तिची खूण. पुढच्या वर्षी अँटी-नाझी लीग आली. तिचा लाल बाणाचा गोल बिल्ला डेव्हिड किंग यांनी केला. चाखोतिनच्या बाणांची आठवण करून देणारा, पण एकच बाण, त्यामुळे लांबूनही कळणारा. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा हॅक्नीच्या व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला, तिथे द क्लॅश आणि स्टील पल्स हे बँड गायले, आणि गर्दीत हा बाण जिथे तिथे होता.

लीगचं खरं कौशल्य एका साध्या युक्तीत होतं. बाण तोच ठेवायचा, वरचे शब्द बदलायचे: नाझींविरुद्ध शिक्षक, नाझींविरुद्ध शाळकरी मुलं, नाझींविरुद्ध शाकाहारी, नाझींविरुद्ध स्केटबोर्डवाले. माणूस पक्षाचा सभासद नसला तरी शिक्षक म्हणून किंवा विद्यार्थी म्हणून उभा राहू शकत होता. आज बिल्ला काढणाऱ्या कुठल्याही गटाने ही युक्ती बिनदिक्कत उचलावी.

ही लाट गोऱ्या गायकांनी आणली असं मात्र सांगू नका. जून १९७६ मध्ये लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा भर रस्त्यात खून झाला. त्यानंतर तिथल्या पंजाबी आणि इतर आशियाई मुलांनी साउथॉल युथ मूव्हमेंट उभी केली, ती या सगळ्या मैफलींच्या आधी. मे १९७८ मध्ये पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली मारला गेला तेव्हा हजारो बंगाली माणसं त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. एप्रिल १९७९ मध्ये साउथॉलमध्येच नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्धच्या निदर्शनात शिक्षक ब्लेअर पीच पोलिसांच्या माराने गेले. बिल्ल्याच्या मागे ही माणसं आहेत.

पिवळ्या हाताचा फ्रेंच बिल्ला कुणाचा?

एसओएस रासिझ्म या संघटनेचा. ती १९८४ मध्ये स्थापन झाली आणि 'माझ्या दोस्ताला हात लावू नकोस' असं लिहिलेला उघडा पंजा तिने घरोघर नेला. त्याआधी, १९८३ मध्ये, उत्तर आफ्रिकी वंशाच्या तरुणांनी मार्सेय ते पॅरिस असा समतेचा पायी मोर्चा काढला होता. त्यातल्या अनेकांचा आक्षेप असा की 'दोस्त' म्हणणारा गोरा फ्रेंच बोलतो आणि ज्याच्याबद्दल बोललं जातं तो गप्प राहतो. आक्षेप रास्त आहे. बिल्ल्यावरचं वाक्य कुणाच्या तोंडी आहे, हे मजकूर ठरवताना आधी विचारा.

शाळेत किंवा कॉलेजात बिल्ला लावायला बंदी घालता येते का?

नियम देशागणिक आणि संस्थेगणिक वेगळे. पण अमेरिकेतले दोन खटले सगळ्यांनी वाचावेत असे आहेत. दोन्ही मिसिसिपीतले, दोन्ही कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतले, आणि दोन्हींचा निकाल एकाच अपील न्यायालयाने २१ जुलै १९६६ या एकाच दिवशी दिला.

पहिल्यात, फिलाडेल्फिया गावातल्या शाळेत मुलं 'एक माणूस, एक मत' असा एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेचा बिल्ला लावून आली. मुख्याध्यापकांनी निलंबित केलं. वर्ग नीट चालू होते, कुणाला त्रास झाला नव्हता, म्हणून न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्यात, इसाक्वीना परगण्यातल्या मुलांच्या बिल्ल्यावर काळा आणि गोरा हात एकमेकांत गुंफलेले होते. इथे मुलं हरली. कारण बिल्ला नव्हता, वाटण्याची पद्धत होती: नको म्हणणाऱ्यांच्या कपड्यांवर बिल्ले टोचले गेले, तासाला गोंधळ झाला, बिल्ले खिडकीतून आत फेकले गेले.

सन १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या काळ्या फितींच्या टिंकर खटल्यात पहिल्या निकालाचाच आधार घेतला. वाटप करताना नियम म्हणून एवढं पाळा: बिल्ला हातात द्या, दुसऱ्याच्या छातीवर स्वतः लावू नका.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

आहे, आणि तो एका बिल्ल्यातूनच दिसतो. अलाबामातल्या लाउन्डीस परगण्यात १९६६ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांनी स्वतःचा पक्ष काढला. अनेक मतदारांना वाचता येत नसल्याने मतपत्रिकेवर चिन्ह लागे. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा होतं आणि त्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा वर्षानुवर्षं छापली जात होती. या लोकांनी झेपावणारा काळा पँथर निवडला. तोच पँथर त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पार्टीने घेतला, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या दलित पँथरच्या नावात तो आला.

चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाबासाहेबांचे, अशोकचक्राचे निळे बिल्ले विकत घेऊन लाखो माणसं छातीवर लावतात. जात आणि वंश या एकच गोष्टी नाहीत. पण जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेला छातीवरून नकार देणं ही कृती दोन्हीकडे सारखीच आहे.

स्वस्तिकावर काट मारलेला बिल्ला भारतात चालेल का?

टाळा. नाझी चिन्ह ४५ अंशांत तिरकं, पांढऱ्या वर्तुळात काळं, मागे लाल असं असतं. उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, जैन मंदिरात काढतात ते स्वस्तिक वेगळं. पण २५ मिलिमीटरच्या बिल्ल्यात हा फरक दिसत नाही, आणि बघणाऱ्याला आपल्या देवघरातली खूण खोडलेली वाटते. तीन बाण एकटे वापरा, ते खोडलेल्या चिन्हाशिवायही पुरेसे बोलतात.

जर्मनीतल्या वाचकांसाठी: तिथल्या दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा आहे. २००६ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने काट मारलेलं चिन्ह असलेले बिल्ले विकणाऱ्या एका पंक दुकानदाराला ३,६०० युरो दंड केला होता. १५ मार्च २००७ ला सर्वोच्च पातळीवर तो रद्द झाला. विरोध स्पष्ट आणि निःसंदिग्ध दिसत असेल तर गुन्हा नाही, असा तो निकाल. 'निःसंदिग्ध' हा शब्द मनावर घ्या: बारीक रेषेची काट पुरेशी नाही.

स्वतः बनवायचे तर कोणता आकार, काय साहित्य?

पहिल्यांदा करत असाल तर ५८ मिलिमीटर घ्या. भारतात या आकाराची यंत्रं आणि सुटे भाग सहज मिळतात. खुणेपुरता बिल्ला असेल तर २५ किंवा ३२ मिलिमीटर शोभतो, पण त्यावर तीन-चार शब्दांपलीकडे जाऊ नका.

प्रत्येक बिल्ल्याला चार गोष्टी लागतात: पत्र्याची वाटी म्हणजे शेल, छापलेला कागद, पारदर्शक फिल्मची चकती, पिन असलेलं मागचं झाकण. १०० बिल्ले करायचे तर भाग ११० मागवा.

कागद ९० ते १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). १७० जीएसएमचा गुळगुळीत आर्ट पेपर देखणा दिसतो, पण कडेला दुमडत नाही आणि झाकण बसत नाही. छपाई लेझर प्रिंटरवर करा. इंकजेटची शाई पावसाळ्यातल्या दमट हवेत फिल्मखाली पसरते.

५८ च्या बिल्ल्याला कागद साधारण ७० मिलिमीटर व्यासाचा कापावा लागतो. बाहेरचा भाग मागे दुमडला जातो, म्हणून पार्श्वभूमीचा रंग ७० पर्यंत न्या आणि अक्षरं मधल्या ५० मिलिमीटरच्या आत ठेवा. काही यंत्रांना एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त लागतं, आधी एक कोरा कापून बघा. ए-४ कागदावर अशी ८ वर्तुळं बसतात. छापखान्यातल्या १२ बाय १८ इंची शीटवर २४. प्रिंट करताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला की वर्तुळ दोन-तीन मिलिमीटरने आकसतं आणि कडेला पत्रा उघडा पडतो.

दाबण्याचा क्रम?

पहिल्या डायमध्ये, म्हणजे यंत्रातल्या साच्यात, शेल, फुगीर बाजू वर. त्यावर कागद, त्यावर फिल्म. हँडल पूर्ण दाबा, तिन्ही भाग वरच्या डायमध्ये उचलले जातात. आता दुसऱ्या डायमध्ये मागचं झाकण ठेवा, डाय फिरवा किंवा सरकवा, पुन्हा पूर्ण दाबा. झाकणाची कोणती बाजू वर हे यंत्रागणिक बदलतं, सोबतच्या चित्रात पाहा.

बिल्ला अडकतो, सुरकुततो, सुटतो. का?

अडकला तर बहुतेक वेळा शेल दोन गेलेले असतात. ते एकमेकांत घट्ट बसलेले येतात, एकेक सोडवून आधीच मांडून ठेवा. फिल्मच्या चकत्याही स्थिर विजेमुळे चिकटतात, फुंकर मारून वेगळ्या करा. अडकलेला बिल्ला हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरने काढू नका, डायला चर पडली की पुढचा प्रत्येक बिल्ला खराब येतो. वरच्या डायचं कडं बोटांनी ढकललं की भाग खाली पडतात.

सुरकुती आली तर कागद वाटोळा कापला गेलेला नाही किंवा मधोमध बसलेला नाही. कात्रीने कापू नका, गोल कटर वापरा. झाकण सुटत असेल तर कागद जाड आहे किंवा दुसऱ्यांदा हँडल अर्धवट दाबलं गेलं. पिन तिरकी आली तर झाकण डायमध्ये थोडं फिरवा. एकदा बरोबर जमलं की त्या जागी डायवर मार्करने रेघ मारून ठेवा, मग शंभरही सरळ येतात.

देवनागरी मजकूर नीट का दिसत नाही?

दोन मीटरवरून वाचता यावं तर अक्षराची उंची ८ मिलिमीटरच्या आसपास हवी. रोमन अक्षराला तेवढी जागा पुरते. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, म्हणजे एका ओळीला १२-१३ मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या वर्तुळात जेमतेम तीन ओळी, आणि पहिल्या-तिसऱ्या ओळीला रुंदी कमी. एवढ्यात मावेल तेच वाक्य निवडा.

मजकूर कडेने गोल फिरवायचा मोह आवरा. बहुतेक सॉफ्टवेअर अक्षर अक्षर वेगळं वळवतं, शिरोरेषा तुटते आणि जोडाक्षरं फुटतात. फिरवायचाच असेल तर आधी मजकुराचं रेखाचित्रात रूपांतर करा आणि पूर्ण ओळ कमानीत वाकवा. छपाईआधी एक प्रत काळ्या-पांढऱ्यात काढा. लाल आणि निळा एकाच राखाडी छटेत आले तर ज्यांना रंग ओळखायला अडचण आहे त्यांना तुमचा बिल्ला वाचता येणार नाही.

पिनऐवजी चुंबक चालेल का?

रेशमी साडीला, कोटाला चांगला. पण ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने चुंबकाचा बिल्ला छातीवर लावू नये. वाटप करताना हे तोंडी सांगा.

जुना बिल्ला मिळाला. खरा कसा ओळखायचा, कसा ठेवायचा?

मागची बाजू आणि कडा आधी बघा. व्हाइटहेड अँड होगच्या बिल्ल्यांत मागे कंपनीच्या नावाचा कागद बसवलेला असे. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार राजकीय बिल्ल्यांच्या नकलेवर ती बनल्याचं वर्ष असणं सक्तीचं आहे, भिंगाने कड तपासा. छपाईत बारीक ठिपक्यांऐवजी इंकजेटचा फवारा दिसला तर बिल्ला अलीकडचा.

ठेवताना शत्रू दोन: दमटपणा आणि पीव्हीसीचे पाऊच. पीव्हीसीतून निघणारे घटक रंग आणि धातू खातात, पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच घ्या. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. कोकण, मुंबई, गोव्यात ती पावसाळ्यात वरचेवर बदला. पिन गंजली असेल तर घासून चकाकी आणू नका, कोरड्या मऊ कापडाने पुसून थांबा. पाणी अजिबात नको, ते कडेतून आत शिरतं आणि कागदावर तपकिरी डाग येतात. सेल्युलॉइडचे जुने बिल्ले बाकीच्यांपासून वेगळे, थंड आणि हवेशीर जागी ठेवा. ते चटकन पेट घेतात, आणि खराब होताना त्यातून निघणारी वाफ शेजारच्या धातूला गंजवते. कापराचा किंवा आंबूस वास येऊ लागला, पृष्ठभाग चिकट झाला, तर तो बिल्ला त्याच दिवशी बाजूला काढा, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्या आणि तो कुठे, कुणाकडून मिळाला हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.